शोध आणि हेलपाटा : ऑनलाइन भूमिकाखेळांतील 'क्वेस्ट'च्या रचनेविषयी

१

कथनमीमांसेच्या अभ्यासकाला 'क्वेस्ट' ही संज्ञा अपरिचित नाही. उणीव जाणवणे, नायकाने घर सोडणे, वाटेत साहाय्यक आणि प्रतिस्पर्धी भेटणे, कसोटीला उतरणे आणि इष्ट वस्तू घेऊन परतणे हा क्रम लोककथेपासून मध्ययुगीन युरोपीय रोमान्सपर्यंत वारंवार आढळतो. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांचे विश्लेषण करून जी ३१ कथनकार्ये निश्चित केली, त्यांचा कणा बव्हंशी हाच आहे. गेल्या तीन दशकांत मात्र ही संज्ञा एका वेगळ्याच क्षेत्रात रुळली आहे. ऑनलाइन भूमिकाखेळांत हजारो खेळाडू एकाच वेळी इंटरनेटवरून एका कल्पित जगात वावरतात, योद्धा, मांत्रिक, वैद्य अशी एखादी भूमिका धारण करतात आणि तेथील कल्पित रहिवाशांनी सोपविलेली कामे पार पाडतात. अशा प्रत्येक कामाला 'क्वेस्ट' म्हटले जाते.

या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागताच प्रश्नाचे मर्म हाती येते. 'शोध' म्हणावे, तर त्यात शोधणाऱ्याचे परिवर्तन गृहीत असते. 'मोहीम' म्हणावे, तर सामूहिकता आणि धाडस येते. 'कामगिरी' या शब्दात कोणीतरी सोपविलेले आणि ज्याचा हिशेब देता येतो असे काम सूचित होते. आणि या खेळांतील असंख्य क्वेस्ट अशा आहेत की त्यांना 'हेलपाटा' याहून नेमका शब्द सापडू नये. हे चार शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. ती एका मूल्यश्रेणीची चार स्थाने आहेत. क्वेस्ट या श्रेणीत कोठे बसते, हे तिच्यासाठी लिहिलेल्या गोष्टीच्या रंजकतेवरून ठरत नाही. खेळाडूला जी कृती करावी लागते ती कृतीच गोष्टीचा अर्थ वाहून नेते की नाही, यावर ते ठरते. या निकषावर काही प्रसिद्ध खेळांची रचना तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

२

१९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळाच्या नावातच क्वेस्ट होती. तथापि ती सापडणे हेच एक दिव्य असे. खेळाडूने पात्राला अभिवादन करावयाचे, त्याच्या बोलण्यातील महत्त्वाचा शब्द हेरावयाचा आणि तो पुन्हा टंकलिखित करून त्याला प्रश्न विचारावयाचा. कोणापाशी काम आहे, ते कोठे करावयाचे, याची कोणतीही खूण नसे. या दुर्बोधतेचा जाच अनेकांना झाला हे खरे. परंतु संवादातील शब्द लक्षपूर्वक वाचणे ही त्या खेळात एक कृती होती, हेही विसरता येत नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' प्रसिद्ध केला आणि क्वेस्टला आजचे परिचित रूप मिळाले. काम देऊ इच्छिणाऱ्या पात्राच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह तरंगते. काम पूर्ण झाले की त्याच ठिकाणी प्रश्नचिन्ह दिसते. जेथे उत्तर मिळाले तेथे प्रश्नचिन्ह यावे, हा विरामचिन्हांचा उलटा न्याय मोठा सूचक आहे. खेळाडूच्या मनात प्रश्न निर्माण होण्याची गरजच उरली नसल्याचे ते लक्षण होय. या रचनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तिने नवख्या माणसाला एका अफाट प्रदेशात हरवू दिले नाही. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीकडे नेणारी कामांची साखळी गुंफून प्रवासाला दिशा दिली. परंतु सुलभतेबरोबर एक तुटलेपणही आले. २००९ च्या अखेरीस क्वेस्टचे ठिकाण खेळातील नकाशावरच दाखविले जाऊ लागले आणि मजकूर न वाचता काम पूर्ण करणे सर्वांनाच सोपे झाले. गोष्ट चौकटीत राहिली, कृती नकाशावर गेली.

३

या तुटलेपणाची सर्वांत मार्मिक चिकित्सा समीक्षकाने नव्हे, तर रचनाकारानेच केली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या क्वेस्ट-रचनेत महत्त्वाचा वाटा असलेले जेफ कॅप्लन यांनी २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये केलेल्या भाषणात आपल्या खेळाचे दोष एकामागून एक मांडले. एका वस्तीत इतकी उद्गारचिन्हे लुकलुकतात की खेळाडू सर्व कामे न वाचताच उचलतो, हा एक दोष. त्यांनी स्वतः रचलेली आणि स्वतःच निकृष्ट ठरविलेली क्वेस्ट मात्र साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे अशी आहे.

तिचे नाव 'द ग्रीन हिल्स ऑफ स्ट्रँगलथॉर्न'. स्ट्रँगलथॉर्न या अरण्यप्रदेशात हेमेट नेसिंगवेरी नावाचा शिकारी तळ ठोकून आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या नावातील अक्षरांची उलटापालट करून त्याचे नाव तयार केले आहे आणि क्वेस्टचे शीर्षक हेमिंग्वे यांच्या 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका' या १९३५ मधील शिकारवर्णनाची आठवण देते. नेसिंगवेरीच्या पुस्तकाची पाने अरण्यभर विखुरली आहेत. ती गोळा करून चार प्रकरणे पुन्हा जुळवावयाची, एवढीच कामगिरी. कल्पना म्हणून ही विलक्षण आहे. वाचक अक्षरशः संहितेचा शोध घेतो, पाठभेद जुळविणाऱ्या संशोधकासारखा पानापानाने ग्रंथ उभा करतो! प्रत्यक्षात घडले ते असे : ठार केलेल्या शत्रूंजवळ ही पाने केवळ योगायोगाने सापडत, एकच पान पुनःपुन्हा हाती येई, हवे ते येत नसे, आणि प्रत्येक पान खेळाडूच्या मर्यादित झोळीत एक जागा अडवून बसे. पाने खेळाडूंना आपसांत बदलता वा विकता येत. म्हणून त्यांचा बाजारही भरला. त्या बाजारात पानाची किंमत होती. पानावरील मजकुराला नव्हती. पुस्तक जुळविण्यासाठी ते वाचण्याची गरज कोठेच पडत नव्हती.

कॅप्लन यांचा निष्कर्ष असा की, खेळ रचणाऱ्यांनी इतर माध्यमांचा हेवा करू नये आणि खेळात पुस्तक लिहू पाहू नये. क्वेस्टच्या मजकुरावर ५११ अक्षरचिन्हांची मर्यादा होती. या तोकडेपणाचे त्यांनी समर्थनच केले. निदान अचूक असूनही हा उपचार मात्र पटण्याजोगा नाही. 'ग्रीन हिल्स' फसली ती मजकूर अधिक होता म्हणून नव्हे, तर मजकूर आणि कृती यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता म्हणून. तिसऱ्या प्रकरणातील वर्णन वाचल्याशिवाय चौथ्याची पाने सापडणार नाहीत, अशी रचना असती, तर तीच क्वेस्ट 'शोध' या नावाला पात्र ठरली असती. शब्दसंख्या कमी केल्याने हेलपाट्याचा शोध होत नाही. तो फक्त अबोल हेलपाटा होतो.

४

याचा पुरावा ब्रिटनमधील जॅजेक्स या कंपनीच्या, जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या 'रूनस्केप'मध्ये मिळतो. येथील क्वेस्ट संख्येने तुलनेने मोजक्या, परंतु प्रत्येक स्वतंत्रपणे घडविलेली असते. संवाद भरपूर असतात आणि ते वाचावेही लागतात. अगदी आरंभीच्या खेळाडूसाठी असलेली 'कुक्स असिस्टंट' ही क्वेस्ट घ्यावी. लंब्रिजच्या गढीतील आचाऱ्याला ड्यूकच्या वाढदिवसासाठी केक करावयाचा आहे. त्याला एक अंडे, बादलीभर दूध आणि भांडेभर पीठ हवे आहे. ऐकावयास हा शुद्ध हेलपाटाच. परंतु पीठ आयते मिळत नाही. शेतातून गहू घ्यावा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर नेऊन तो चक्कीत घालावा, ती फिरवावी आणि खाली येऊन पीठ भांड्यात भरून घ्यावे, तेव्हा ते मिळते. दुधासाठी गाय दोहावी लागते. क्वेस्ट संपेपर्यंत खेळाडूला त्या जगातील एक मूलभूत नियम कोणी न सांगता कळलेला असतो : येथे वस्तू कोठून तरी येतात आणि कोणाच्या तरी श्रमाने येतात. ही शिकवण संवादात कोठेही नाही. ती सर्वस्वी कृतीत आहे.

याच खेळातील २००४ मधील 'वन स्मॉल फेव्हर' ही क्वेस्ट तर आपल्या प्रकाराचे विडंबनच होय. एकाचे छोटेसे काम करावयास जावे, तर दुसऱ्याची अडचण पुढे येते. ती दूर करावी, तर तिसऱ्याकडे जावे लागते. आणि अशी लांबलचक माळ पूर्ण झाल्यावर त्याच माळेतून उलट क्रमाने परतावे लागते. येथे हेलपाटा हाच आशय आहे. खेळाडूचा वैताग हा रचनेचा दोष राहत नाही. तो अपेक्षित रस ठरतो.

पुनरावृत्तीचा विचारही याच अनुषंगाने व्हावयास हवा. जिल वॉकर रेटबर्ग यांनी २००८ मध्ये एम. आय. टी. प्रेसने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील आपल्या लेखात विलंबन आणि पुनरावृत्ती ही 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील क्वेस्टची लक्षणे म्हणून विचारात घेतली आहेत. पुनरावृत्ती हा स्वतः दोष नव्हे. मौखिक कथेचा तो प्राण आहे. परंतु लोककथेत दोन भाऊ अपयशी ठरतात तेव्हा तिसऱ्याची पाळी वेगळी जाणार, याची चाहूल श्रोत्याला लागलेली असते. तेथे आवृत्ती ही भेदाची पूर्वतयारी असते. दहा रानडुकरे मारण्याच्या क्वेस्टमध्ये दहावे डुक्कर पहिल्यासारखेच मरते. संख्या वाढते, अर्थ वाढत नाही.

५

आतापर्यंतचे गुणदोष एकट्याने खेळावयाच्या खेळांनाही लागू पडतील. ऑनलाइन खेळाची स्वतःची अशी एक कोंडी आहे व ती अधिक गहन आहे. जग सर्वांचे आहे, गोष्ट मात्र प्रत्येकाची आहे. एका खेळाडूने राक्षस मारून गाव सोडविला, तरी पुढच्या खेळाडूसाठी तो राक्षस काही क्षणांत पुन्हा जिवंत व्हावाच लागतो. नायकाच्या पराक्रमाचे चिन्ह जगावर उमटू शकत नाही. २०११ मधील 'स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक'ने प्रत्येक भूमिकेसाठी ध्वनिमुद्रित संवादांसह स्वतंत्र दीर्घ कथानक दिले, परंतु तीच अद्वितीय नियती लाभलेले शेकडो नायक एकाच चौकात उभे असल्याचे दृश्य टळले नाही.

या कोंडीवर ब्लिझर्डने २००८ मधील 'रॅथ ऑफ द लिच किंग' या विस्तारात एक उपाय योजला : एकच स्थळ प्रत्येक खेळाडूला त्याच्या कथेच्या टप्प्यानुसार वेगवेगळे दिसावे. 'रॅथगेट' या क्वेस्टमालिकेच्या शेवटी एका महाद्वाराजवळ दोन वैरी सैन्ये एकत्र येतात, विश्वासघात होतो, आणि त्यानंतर ते रणक्षेत्र त्या खेळाडूला जळालेलेच दिसते. पराक्रमाची खूण अखेर भूमीवर उमटली. परंतु वेगळ्या टप्प्यावर असलेले दोन मित्र त्याच स्थळी उभे असूनही परस्परांना दिसेनासे झाले. गोष्ट सावरली, सहवास हरवला. शिवाय विश्वासघाताचा तो परमोच्च क्षण खेळाडूला चित्रफितीतून दाखविला जातो. नेमक्या त्या क्षणी त्याचे हात बांधलेले असतात. त्यानंतरच्या अंडरसिटीच्या लढाईत मात्र तो आपल्या राजाच्या वा सेनानीच्या बरोबरीने स्वतः लढत पुढे जातो, आणि म्हणूनच ती लढाई रचनेच्या दृष्टीने सरस ठरते.

फनकॉम या नॉर्वेजियन कंपनीच्या 'द सीक्रेट वर्ल्ड'ने २०१२ मध्ये वेगळी वाट चोखाळली. त्यातील तपासप्रधान क्वेस्टमध्ये नकाशावर खूण नसते. अमेरिकेच्या मेन राज्यातील किंग्जमाउथ या कल्पित गावात खेळाडू रस्त्यावरील झाकणांवर कोरलेल्या चिन्हांचा माग काढतो, एका चित्रकाराचे नाव ओळखतो, बायबलमधील वचनाचा संदर्भ शोधतो. खऱ्या जगातील माहिती धुंडाळण्याची सोय खेळातच केली होती. येथे वाचणे, ताडून पाहणे, अर्थ लावणे हीच कृती होती. गोष्ट आणि कृती यांत फट उरली नव्हती. अर्थात, एकाने सोडविलेले कोडे दुसऱ्याला इंटरनेटवर तयार मिळते, हे या रचनेचे मर्मस्थान. आणि तरीही चावी उपलब्ध असताना कुलूप स्वतः उघडू पाहणारे खेळाडू तिला लाभले, यावरून मजकूर वाचावयास कोणीच तयार नसते हा समज किती उथळ आहे ते दिसते.

६

दुबळ्या क्वेस्टची विपुलता ही केवळ प्रतिभेच्या अभावाची खूण मानणे अन्यायाचे होईल. मासिक वर्गणीवर चालणाऱ्या खेळाला खेळाडूचा वेळ हवा असतो. २००७ पासून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये रोज नव्याने करता येणाऱ्या क्वेस्ट आल्या, त्या याच गरजेतून. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीच्या घाटावर नियतकालिकाच्या व्यवहाराचा परिणाम कसा झाला, हे साहित्येतिहासाने नोंदविले आहे. येथेही तसाच विचार व्हावयास हवा. परंतु क्रमशः कादंबरीला पुढचा भाग लिहावाच लागे. रोजच्या क्वेस्टला कालचाच भाग आज पुन्हा देता येतो. अर्थव्यवहाराचे हे कारण समजून घेतले, तरी त्याचे वाङ्मयीन मूल्यमापन टळत नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासकाने तातडीने ध्यानात घ्यावयास हवी. या संहिता टिकत नाहीत. डिसेंबर २०१० मधील 'कॅटॅक्लिझम' या विस्ताराने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या मूळ प्रदेशांतील असंख्य क्वेस्ट बदलल्या वा काढून टाकल्या; वर उल्लेखिलेली अंडरसिटीची लढाईही त्यात गेली. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'चे संपूर्ण जग डिसेंबर २०११ मध्ये मिटले. ब्लिझर्डने २०१९ मध्ये आपल्या खेळाचे जुने रूप पुन्हा उपलब्ध करून दिले खरे. परंतु तोवर वाटांची आणि कोड्यांची उत्तरे सर्वांना पाठ झाली होती. जुनी संहिता परत आली, तिचा पहिला वाचक परत येऊ शकला नाही.

म्हणूनच या प्रकाराकडे करमणूक म्हणून पाठ फिरविणे जितके चूक, तितकेच त्याला कादंबरीच्या फूटपट्टीने मोजणेही चूक आहे. क्वेस्टच्या समीक्षकाने मजकुराचा उतारा समोर ठेवून भागणार नाही. खेळाडूला काय करावे लागले, किती वेळा करावे लागले, करताना त्याला काय कळले आणि त्या करण्याने जगात काय बदलले, याची नोंद त्याला मजकुराशेजारी मांडावी लागेल. कथनकार्यांची संकल्पना, आवृत्ती आणि भेद यांचा विचार, पाठचिकित्सेची शिस्त ही साधने साहित्याच्या विभागांत आधीपासून आहेत. ती येथे लावून पाहिली, तर त्या साधनांचीही कसोटी लागेल.