पर्यायांची यादी आणि घरचा हिशेब



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आमच्या दाराची कडी रात्री नऊनंतरही वाजते. तामलवाडीत आम्हाला ओळखणारे पालक पुष्कळ. कुणाला उर्दू शिकवले, कुणाला मराठी, आता त्यांची मुले मोठी झाली. ‘सर, इंजिनिअरिंगला कुठे टाकावे?’ हा एकच प्रश्न घेऊन माणसे येतात. आम्ही भाषेचे शिक्षक, अभियंता नव्हे. पण ज्या घरात कुणीच कॉलेजची पायरी चढलेले नाही, ते घर आणखी कुणाकडे जाणार?

सन २०२४ च्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन आला. त्याचे हायवेला मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. विहिरीच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. मुलगी बारावी सोलापूरला शिकलेली, सीईटीत पर्सेंटाइल चांगले. सोबत दादीही आल्या होत्या. आम्ही चहा सांगितला, तोच दादींनी तोंड उघडले, ‘मास्तर, पोरीकू इत्ती दूर कायकू भेजना? सोलापूर नै क्या?’

प्रश्न साधा नव्हता. मुलीच्या पर्सेंटाइलला दोन वाटा दिसत होत्या. सोलापुरात खाजगी महाविद्यालयात कॉम्प्युटर, रोज घरून एस.टी.ने जाणे-येणे. किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल, तीनशे किलोमीटरवर, वसतिगृहात राहून. शिवाय पुण्याच्या एका नातेवाइकाने तिसरीच वाट सुचवली होती. एका एजंटचा फोन येत होता, ‘सीट पक्की, आता पन्नास हजार भरा, बाकी नंतर बघू.’ बापाने निम्मे पैसे जमवलेही होते.

सल्ला देण्याआधी आमची एक चूक आम्ही त्यांना सांगितली, तीच इथे सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा असाच आला होता. त्याचे गुण पाहून आम्हाला वाटले, मोठ्या कॉलेजला लागणार नाही, मग उगाच आशा कशाला? ‘हातचे सोडू नकोस,’ असे म्हणून आम्ही त्याच्या यादीत जवळचे साधे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायला लावले. पहिल्याच फेरीत तेच मिळाले. पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे कट-ऑफची यादी आली तेव्हा कळले, शासकीय महाविद्यालयात त्याचा नंबर आरामात लागला असता. मुलगा काही बोलला नाही. आजही भेटला की सलाम करतो. तो सलाम घेताना आमची मान खाली जाते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की यादी भीतीने भरू नये. आपल्याला जे सर्वांत जास्त हवे ते सर्वांत वर, मग त्याच्याखाली दुसरे, मग तिसरे. संगणक वरून खाली बघत येतो आणि आपल्या गुणवत्तेला जो सर्वांत वरचा पर्याय मिळू शकतो तो देतो. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालचे हातून जात नाही. उलट सोपे वर लिहिले तर अवघड कायमचे जाते. नियम दरवर्षी थोडे बदलतात. २०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला की तो बंधनकारक झाला. त्यामुळे वरचे सहा पर्याय आता घरात बसून, सगळ्यांशी बोलून ठरवावेत. सायबर कॅफेच्या पोरावर ते सोडू नयेत. सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचावी, मग अर्ज उघडावा.

दुसरी गोष्ट आमच्या गावाची आहे. तामलवाडी धाराशिव जिल्ह्यातली, तालुका तुळजापूर, पण थोडे पुढे गेले की सोलापूर जिल्हा लागतो. अर्धी मुले अकरावीला तुळजापूरला जातात, अर्धी सोलापूरला. अभियांत्रिकीच्या प्रवेशात बहुतेक खाजगी महाविद्यालयांच्या जागा ‘होम युनिव्हर्सिटी’ आणि ‘इतर’ अशा वाटलेल्या असतात, सत्तर टक्के आणि तीस टक्के. आपले होम विद्यापीठ कोणते, हे आपण राहतो त्या गावावरून ठरत नाही, बारावी जिथून केली त्या ठिकाणावरून ठरते. तुळजापूरला बारावी केलेले मूल डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीतले, सोलापूरला केलेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीतले. म्हणजे आमची ही मुलगी तुळजापूर तालुक्यात राहत असून तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी बाहेरची होती आणि सोलापूरसाठी घरची. एकाच गल्लीतल्या दोन मैत्रिणींना एकाच कॉलेजचे दोन वेगळे कट-ऑफ लागू शकतात. म्हणून ‘शेजारच्या पोराला इतक्यावर मिळाले’ या बोलण्यावर जाऊ नये. पुण्याचे सीओईपी, जे १८५४ साली सुरू झाले आणि २०२२ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, किंवा मुंबईचे १८८७ चे व्हीजेटीआय, अशा संस्थांच्या जागा मात्र राज्यस्तरावर भरल्या जातात. तिथे हा घरचा-बाहेरचा भेद नाही.

मग आम्ही कागद घेतला आणि घरचा हिशेब मांडला. दादीही पुढे सरकून बसल्या.

या घराकडे ओबीसीचा जातीचा दाखला होता, वैधता प्रमाणपत्रही होते. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, ज्याला आपण नॉन-क्रिमीलेअर म्हणतो, त्याची मुदत मात्र संपली होती. ते दुसऱ्याच दिवशी तहसीलला टाकायला सांगितले. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. पण प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ती नाही.

हे ऐकताच बापाने मोबाइल उलटा करून ठेवला. एजंटचा फोन तेव्हाही वाजत होता. पन्नास हजार भरून त्याने मुलीची चार वर्षांची फीमाफी विकत दिली असती.

आपल्या समाजात आणखी एक गैरसमज आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, नदाफ अशा अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पण जे यादीत नाहीत ते म्हणतात, ‘आम्हाला काहीच नाही.’ तसे नाही. ज्यांना दुसरे कोणतेही आरक्षण लागू नाही आणि जे उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसतात, त्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला मिळतो. त्यात धर्माची अट नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत कॅपमधून प्रवेश घेतल्यास निम्मे शिक्षण शुल्क मिळते. महाडीबीटीवर अल्पसंख्याकांची राज्य शिष्यवृत्तीही आहे. आणि टीएफडब्ल्यूएस म्हणून प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा असतात, ज्यांत शिक्षण शुल्क माफ असते. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पण तिचा पर्याय क्रमांक वेगळा असतो. तो यादीत वेगळा लिहावा लागतो. लिहिला नाही तर मिळत नाही. हे न लिहिल्याने किती पोरांची सवलत जाते, ते आम्ही दरवर्षी पाहतो.

आपल्या अल्पसंख्याक संस्थाही विसरू नयेत. १८७४ पासून काम करणाऱ्या अंजुमन-ए-इस्लामची मुंबईत भायखळ्याला साबू सिद्दीक आणि नवीन पनवेलला काळसेकर ही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मालेगावला मन्सुरा आहे. अशा संस्थांत समाजासाठी वेगळ्या जागा असतात, त्यामुळे थोड्या कमी पर्सेंटाइललाही चांगल्या शाखेत संधी मिळू शकते. मात्र ईडब्ल्यूएसचा कोटा अल्पसंख्याक संस्थांना लागू नसतो, हेही लक्षात ठेवावे.

कर्जाचाही विषय निघाला. व्याज देणे-घेणे पुष्कळ घरांना नको असते, आणि ते आम्हाला समजते. म्हणूनच आमचा आग्रह असा की कर्जाच्या दारात जाण्याआधी सवलतीची सगळी दारे ठोठावावीत. बहुतेक घरे उलटे करतात. आधी महागडी सीट घेतात, मग उसने शोधतात, मग दागिने मोडतात.

माफीनंतर उरते काय? विकास शुल्क, पुस्तके, वसतिगृह, मेस, लॅपटॉप, येणे-जाणे. हा खर्च माफ होत नाही, तो आधीच धरावा. सोलापूरला रोज जायचे तर मेस वाचते, पण दिवसातले दोन-अडीच तास गाडीत आणि थांब्यावर जातात. महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, पण वेळ अर्धा होत नाही. प्रॅक्टिकल संपून गाडी चुकली की अंधार पडतो, ही काळजी दादींची होती आणि ती खरी होती. वसतिगृहात ती काळजी उलट कमी होते, हे दादींच्या पटकन लक्षात आले.

मग कॉलेज पाहायचे कसे? जाहिरात पाहून नव्हे. आम्ही चार गोष्टी पाहायला सांगतो. एक, त्या शाखेला एनबीएची मान्यता आहे का? नॅक सबंध संस्थेला असते, एनबीए शाखेला, आणि आपण शाखेत शिकणार असतो. दोन, शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी किती? तोंडी आकड्यावर जाऊ नये. तीन, मागच्या दोन वर्षांचे कट-ऑफ. चार, शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना गाठून विचारावे की प्रयोगशाळेत हात लावायला मिळतो का, शिक्षक वर्गात येतात का? फाटकावरच्या फलकापेक्षा चहाच्या टपरीवर जास्त खरे कळते.

राहिला मोठा प्रश्न, शाखा की कॉलेज? यावर आम्ही गप्प बसलो आणि मुलीला विचारले. तोवर कुणी विचारलेच नव्हते. ती अब्बांकडे बघत म्हणाली, ‘सर, कॉम्प्युटर सगळे म्हणतात म्हणून. मला मोटार आवडते. अब्बा वाइंडिंग करतात ना, कुठली तार कशाला ते मला विचारायचे आहे. त्यांनाही येत नाही सांगता.’

दुकानात आठवी-नववीपासून ती बापाला तार मोजून द्यायची. बाप काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, ‘खरंय सर, मला करता येते, सांगता येत नाही.’

संभाजीनगरची इलेक्ट्रिकल पहिल्या क्रमांकावर गेली. त्याखाली नांदेडचे एसजीजीएस, मग सोलापूर, मग तुळजापूर, टीएफडब्ल्यूएसच्या पर्यायांसकट. जायच्या आधी बाप-लेक दोघे एक दिवस जाऊन कॉलेज आणि वसतिगृह बघून आले. वसतिगृहाच्या मावशींचा फोन नंबर दादींनी स्वतः मागवून घेतला. पहिला पर्याय मिळाला.

मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. पहिल्या सत्रात गणिताचा एक पेपर गेला होता, रडत फोन आला, पुढच्या वेळी सुटला. इंग्रजीतून शिकणे अजून जड जाते. सगळे गोड झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण घरावर सीटचे कर्ज नाही, आणि सुट्टीत आली की बाप-लेक दुकानात मोटार खोलून बसतात. आता प्रश्न बाप विचारतो.

पालकहो, यंदा आपल्या घरी यादी भरायची असेल तर तीन कामे आजच करा. नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसच्या दाखल्याची मुदत तपासा. जातवैधतेचा अर्ज बाकी असेल तर अकरावीतच टाका, त्याला महिने लागतात. आणि मुलाला किंवा मुलीला एकदा शांतपणे विचारा, तुला काय आवडते? उत्तर लगेच आले नाही तरी थांबा. यादीतला पहिला क्रमांक त्या उत्तरासाठी मोकळा ठेवा.