आधी कानस, मग पाना

पावसाळा तोंडावर आला की गावाहून एखाद्या तरी भावाचा फोन येतोच. "मशीन कापत नाहीये रे. नवीनच घ्यावं म्हणतोय." मशीन म्हणजे चेनसॉ. आमच्याकडे त्याला दुसरं नाव नाही. मी विचारतो, धार कधी लावलीस? पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ठरलेलं उत्तर, "धारेचं नाय रे, इंजिनाचाच प्रॉब्लेम आहे. आवाज येतो पण ताकद नाही."

आजचं माझं भांडण या 'इंजिनाचाच प्रॉब्लेम' वाल्यांशी आहे. आणि उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही, सगळ्यात आधी स्वतःशी आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवरून गेलं. पोफळींच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या वाडीत चेनसॉ आला तो त्यानंतर. पहिल्या दिवशी लोण्यातून सुरी जावी तसं चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन नुसतं किंचाळायला लागलं, लाकडातून धूर, भुसा पिठासारखा. मी दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस, म्हटलं काहीतरी सेटिंग बिघडलंय. कार्बोरेटरचे स्क्रू दिसले, ते पिळले. आवाज झकास चढला. मी खूश. तासाभरात मशीन जाम झालं ते झालंच. तालुक्याच्या मेकॅनिकने सिलिंडर उघडून पिस्टनवरचे ओरखडे दाखवले आणि मग चेनवरून अंगठा फिरवून म्हणाला, "साहेब, याला धारच नाय." नवीन सिलिंडर-पिस्टनच्या पैशात गोल कानशी पन्नास तरी आल्या असत्या.

नीट बघा, चेनच्या प्रत्येक दातात दोन भाग असतात. मागे कापणारं पातं, पुढे एक बुटकं टेकाड. सुताराचा रंधा आठवा. रंध्याचं पातं किती बाहेर काढलंय यावर ढलपी किती जाड निघणार ते ठरतं. इथे ते काम पुढचं टेकाड करतं. टेकाड पात्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावं लागतं. म्हणजे चेनसॉ ही करवत नाहीच, पट्टीवर फिरणारे तीस-पस्तीस रंधे आहेत. आधीच्या चेनचे दात खरंच करवतीसारखे होते. जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून हा आकार शोधला. इतकी बारीक गोष्ट, आणि आपण ती जांभ्या मातीवर पडलेल्या माडात घुसवतो. माडाचं खोड बाहेरून चिवट, सालीत वाळू अडकलेली. चालू चेन एकदा मातीला लागली तरी धार गेली म्हणून समजा.

त्यामुळे तपास इंजिनापासून नाही, भुशापासून सुरू करायचा. ढलप्या पडतायत तर धार आहे. पीठ पडतंय तर धार नाही. काप एका बाजूला वळतोय तर एकीकडचे दात जास्त घासलेत किंवा पट्टीची कड झिजलीये. धार असूनही धूर येतोय तर चेनला तेल पोचत नाहीये. टोक एखाद्या सुक्या ओंडक्यावर धरून रेस द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे. (काही लोक इथे गाडीचं जळकं ऑइल घालतात. त्यातली धातूची कीस त्या पंपात जाते. वर परत 'इंजिनाचाच प्रॉब्लेम'.) एवढं सगळं बघेपर्यंत पान्याला हात लावायचं कारण नाही.

पण होतं काय, नव्या मशीनच्या खोक्यात बहुतेक वेळा पाना असतो, कानस नसते. मग माणूस पान्याने जे उघडता येतं तेच उघडतो. दुकानदारालाही ते बरंच आहे. मशीन विकताना 'ही कोणत्या मापाची चेन, हिला ४ मिलिमीटरची कानस लागेल की ४.८ ची' हे सांगणारा दुकानदार मला तरी अजून भेटायचाय. ऑनलाइन घेतलंत तर विचारायलाच नको.

गंमत म्हणजे हेच आपले लोक कोयती कधी बोथट ठेवत नाहीत. कंबरेच्या आकडीला कोयती लावायच्या आधी ती दगडावर पाजळली जाते, आणि त्यात कुणाला वेळ वाया गेल्यासारखं वाटत नाही. मग ५० सीसीचं इंजिन जोडलं की तेच हत्यार अचानक 'मशीन' कसं काय होतं, आणि धार ही कंपनीची जबाबदारी कशी होते? पेट्रोलची टाकी भरायला थांबलात की प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात. फक्त पुढे ढकलताना, मागे आणताना उचलून. कोन दातावर आखलेल्या रेघेप्रमाणे. सगळे दात सारख्या लांबीचे. सवय झाली की दहा मिनिटांचं काम आहे. आपण चहाला जास्त वेळ लावतो.

इंजिन कधी बिघडतच नाही असं मी म्हणत नाही. बिघडतं, पण तिथेही दोष बरेचदा टाकीतल्या पेट्रोलचा असतो. २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय, आणि या छोट्या मशीनच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या हवेला पाण्याची काय कमी? जास्त पाणी झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि पेट्रोलचा फिल्टरही तळाशीच लोंबत असतो. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे फुगतात किंवा कडक होतात ते वेगळंच. गणपतीत टाकी भरून ठेवलेलं मशीन मे महिन्यात 'सुरू होत नाही' म्हणून ज्यांनी फेकलं त्यांना माझं एकच म्हणणं आहे, ठेवताना टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं होतं. मिश्रण लागेल तेवढंच करायचं. एक लिटरला २० मिलिलिटर तेल हे प्रमाण मशीनसाठीच्या खास तेलाचं आहे. स्कूटरच्या जमान्यातलं टूटी ऑइल त्याच मापाने ओतून चालत नाही.

आणि ते स्क्रू. जोराच्या स्क्रूने पेट्रोल कमी केलं की आवाज चढतो, हे खरं. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल जातं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. तो झकास आवाज पिस्टन कोरडा घासल्याचा असतो. पूर्ण रेसवर हवेत धरलेलं मशीन किंचित घरघरलं पाहिजे. मला हे चार वर्षं उशिरा कळलं. आधी एअर फिल्टर झाडा, प्लग बघा. थोडं चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ऑफिसात आपण हेच ज्युनियरला ओरडून सांगतो ना?

"मग बॅटरीवालं घे की," असं पुण्यातले मित्र म्हणतात. घ्या. पेट्रोलची कटकट खरंच जाते. चेन तीच राहते, दात तेच, तेल तेच. बोथट चेनने बॅटरी कशी उतरते ते बघा फक्त.

खरा राग वेगळाच आहे. बोथट मशीन चालवतं कोण? मुळशीत, कर्जतला फार्महाउस घेतलेले आमचे हापिसातले लोक नाही. रोजावर आलेला माणूस चालवतो, तेही बरेचदा स्लिपरवर. मालक ओटीवर बसून म्हणतो, "जोर लाव जरा." धारदार चेन स्वतः लाकडात ओढली जाते. बोथट चेनवर माणसाला अंगाचा भार टाकावा लागतो, आणि काप संपला की तो भार घेऊन तो पुढे जातो, सेकंदाला वीसेक मीटर वेगाने फिरणाऱ्या चेनसकट. कुणी शहाणा उपाय म्हणून पुढची टेकाडंच घासून टाकतो. मग चेन दुप्पट खाते, आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. त्यासाठी पुढे चेन ब्रेक दिलाय. तो 'सारखा लागतो' म्हणून बांधून ठेवलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. सारखा लागत होता, कारण मशीन सारखं उसळत होतं! आणि उसळत होतं त्या घासलेल्या टेकाडांमुळे.

कानस दीड-दोनशे रुपयांना मिळते. मजुराची मजुरी ठरवताना तासभर घासाघीस करणाऱ्याला ती परवडत नाही, असं म्हणू नका.

असो. काल भावाचा परत फोन आला होता. म्हटलं, नवीन मशीन नंतर बघू, आधी भुशाचा फोटो पाठव. त्याने मशीनचा पाठवलाय.