तिबोटी खंड्याच्या दारी

जुलै महिन्यात पक्षी पाहावयास निघणे हा अनेकांना वेडेपणा वाटतो. पाणथळीवर बदकांचे थवे उतरतात ते हिवाळ्यात. पावसाळ्यात दुर्बिणीच्या भिंगावर वाफ धरते, टिपणवही भिजते आणि दाट पालवीतला पक्षी दिसण्याऐवजी केवळ ऐकू येतो. तरीही पावसाळी रविवारी पहाटेच मुंबई-पनवेलकडील पक्षिमित्रांचे गट मुंबई-गोवा महामार्गालगतच्या कर्नाळा अभयारण्याची वाट धरतात. त्यांना ओढ असते ती एका चिमुकल्या पक्ष्याची. पहिल्या पावसाबरोबर कोकणात वीण घालावयास येणारा हा पक्षी म्हणजे तिबोटी खंड्या.

चोचीसकट त्याची लांबी सुमारे १३ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीहूनही कमी. पोट पिवळे, चोच पोवळ्यासारखी लाल, डोक्यावर जांभळी झाक, पाठीवर गर्द निळाई आणि पायाला चाराऐवजी तीन बोटे. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्यालगतच्या मातीच्या दरडीत तो आडवे बीळ कोरतो. आतील अंडी नर-मादी दोघेही सुमारे १७-१८ दिवस उबवितात, आणि त्यानंतर वीसेक दिवस पिल्लांना भरविण्यात जातात. पाऊस म्हणजे बेडूक, खेकडे, सरडे, कोळी यांची सुगी. पिल्लांच्या पोटाची सोय पाहूनच हा पक्षी असा ऋतू निवडतो.

पावसात पायाखालीही जीवसृष्टी उसळलेली असते. साधु-साध्वी चातुर्मासात एका जागी राहतात ते याच कारणाने. मग गृहस्थांनी या दिवसांत रानात पाऊल टाकावेच का, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो अस्थानी नाही. जावयाचेच असेल तर मळलेली वाट न सोडता, थोडक्या मंडळींनी आणि पाहून पाऊल टाकीत जावे, एवढेच त्याला उत्तर देता येते. भडक छत्री आणू नये ही सूचनाही प्रत्येक सहलीत दिली जाते, आणि प्रत्येक सहलीत एक तरी लाल छत्री उघडतेच.

खरी कसोटी लागते ती बिळापाशी. गटात आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या असतात, आणि अलीकडे नातवाच्या गळ्यात लांब भिंगाचा कॅमेरा असतो. चोचीत सरडा धरून खंड्या समोरच्या फांदीवर येतो, मान वरखाली करतो, पण बिळात शिरत नाही. कारण समोर माणसे उभी आहेत. छायाचित्रासाठी हा क्षण सोन्यासारखा, म्हणून कोणीच हलत नाही. बिळात मात्र पिल्ले भुकेली असतात. आईबाप घुटमळत राहिले की बिळाची जागा सापालाही कळू शकते. कोणी मधे येणारी डहाळी मोडतो, कोणी मोबाइलवर खंड्याचा आवाज वाजवितो, आणि नर अंडी सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधू लागतो. दरडीच्या माथ्यावर चढून उभे राहणे सर्वांत घातक; भिजलेली माती खचली तर बीळच बुजावयाचे.

“अजून दोनच फोटो, आजोबा,” हे वाक्य अशा वेळी ठरलेले असते. ते दोन फोटो अर्धा तास चालतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. मारणे आणि पकडणे तीत आहेच. त्याशिवाय वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही तीत येते. ज्या घरात पिढ्यानपिढ्या कोणी बंदुकीला हात लावला नाही, त्या घरातील मुलाच्या हातून कॅमेऱ्याने शिकार घडू शकते, आणि तीही पक्षिप्रेमाच्या पोटी. कायदा करणाऱ्यांनी घरट्याला जिवाइतके मोल दिले, याचे आश्चर्य वाटू नये. पावसाच्या ऐन भरात एक वीण फसली तर दुसऱ्या विणीला दिवस थोडेच उरतात.

पक्षी अगदी जवळून पाहूच नये, असा याचा अर्थ नाही. याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० च्या सुमारास डॉ. सलीम अली पावसाळाभर सुगरणींच्या घरट्यांपाशी आडोशाला बसत. हाताची नोकरी गेली होती, वेळ भरपूर होता. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच स्वीकारते. आणि ती आत रमली की नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी तेथे उलगडले. खरेदीला आलेल्या चोखंदळ गिऱ्हाइकाची आठवण व्हावी असा हा व्यवहार. तो समजला, कारण पाहणारा एक होता, लपलेला होता आणि त्याला घाई नव्हती. वीसजणांच्या गटाला हे साधणार नाही. त्याने दुर्बिणीने दुरून पाहावे, पाच मिनिटांत मागे सरावे आणि पक्षी अन्न घेऊन घुटमळताना दिसला तर तत्क्षणी निघावे.

जाणते वाटाडे आता बिळापाशी गट नेतच नाहीत. ओढ्याच्या वळणावर, बरेच अलीकडे, ते मंडळींना थांबवितात आणि सर ओसरण्याची वाट पाहतात. उघडीप पडली की बारीक, धारदार शीळ येते आणि पाण्यावरून एक निळी-केशरी रेघ सरकन निघून जाते. वहीत तारीख, वेळ आणि पावसाचा जोर यांची नोंद होते. जागेचे नाव मात्र कोणी व्हॉट्सॲपवर टाकीत नाही.