तिरंगा कुठे, आपला झेंडा कुठे



पेरणीआधी तहसील कचेरीवर आपला मोर्चा गेला तेव्हा काय झालं ते पाड्यापाड्यावर वेगवेगळं सांगितलं जातंय. म्हणून आधी झालं तसं लिहितो. आपल्या पोरांनी एकाच बांबूला वर संघटनेचा पळसाच्या पानाचा हिरवा झेंडा बांधला आणि त्याच्याखाली तिरंगा. मनात काही वाईट नव्हतं. जीपवर बांबू एकच बसला, झेंडे दोन होते, एवढीच गोष्ट. पण नाक्यावर एका साहेबाने तेवढंच बघितलं. "राष्ट्रध्वजाचा अपमान आहे, तीन वर्षं आत जाल," म्हणाला. बांबू जप्त झाला. तीन पोरांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. त्यांना सोडवण्यात सगळा दिवस गेला. जमिनीचे कागद घेऊन बाया-माणसं रात्रीपासून पायी चालत आली होती. ते कागद कोणी हातात घेतले नाहीत, कारण तोपर्यंत कचेरी बंद झाली होती.

साहेबाला आपण नावं ठेवली. पण खरं बोलायचं तर चूक आपलीपण होती, आणि एकट्या पोरांची नाही. हे पत्रक काढणारे आम्ही त्याच बांबूच्या मागे घोषणा देत चाललो होतो. आमच्याही डोळ्याला ते खटकलं नाही. २६ जानेवारीच्या सभेत तर टेबलाला चादर नाही म्हणून आम्हीच तिरंगा अंथरला होता आणि त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता! कोणी बघितलं नाही म्हणून निभावलं. तेव्हा जुलैच्या शिबिरात एका वकील साथीकडून भारतीय ध्वजसंहिता मागवली आणि दोन संध्याकाळी बसून वाचून काढली. त्यातलं आपल्या कामाचं इथं देतो.

पहिली गोष्ट, तिरंगा लावायला कोणाची परवानगी लागत नाही. आधी साध्या माणसाला तो ठराविक दिवशीच लावता यायचा. २६ जानेवारी २००२ पासून नवी संहिता लागू झाली. तेव्हापासून कोणीही, कुठल्याही दिवशी, मान राखून लावू शकतो. २३ जानेवारी २००४ ला सुप्रीम कोर्टानेही निकाल दिला, की मान राखून राष्ट्रध्वज फडकवणे हा घटनेच्या कलम १९ खाली नागरिकाचा हक्क आहे. हा खटला लढला रायगडच्या एका कारखानदाराने (आपलं कोकणातलं रायगड नव्हे, छत्तीसगडचं). त्याच्या कारखान्यावरचा झेंडा अधिकाऱ्यांनी अडवला म्हणून तो कोर्टात गेला. कारखान्यावर जो हक्क चालतो तो पाड्यावरही चालतो. कोर्टाने हेही सांगितलं, की संहिता म्हणजे कायदा नाही, पण झेंड्याचा मान राखण्यासाठी ती पाळली पाहिजे.

कायदा आहे तो १९७१ चा. तीन वर्षांपर्यंतची कैद त्याच्यात आहे. ती झेंडा जाळणे, फाडणे, पायाखाली तुडवणे, त्याची विटंबना करणे यासाठी आहे. आणि त्याच कायद्यात लिहिलेलं आहे, की सरकारच्या धोरणावर टीका करणे, ते कायदेशीर मार्गाने बदला असे म्हणणे, हा अपमान होत नाही. म्हणजे हातात तिरंगा धरून वनखात्याच्या धोरणाविरुद्ध घोषणा दिली तर त्यात गुन्हा नाही. एवढं पाठ करून ठेवा, नाक्यावर कामाला येईल.

आता लावायचा कसा. एका काठीला एकच झेंडा, हे सगळ्यात आधी. दुसरा झेंडा त्याच काठीला वरही नाही आणि खालीही नाही. मोर्चात मात्र दुसरे झेंडे सोबत चालतात, त्याला मनाई नाही. तिरंगा चालणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे ज्या हाताने आपण जेवतो त्या बाजूला. झेंड्यांची लांब ओळ असेल तर तिरंगा ओळीच्या पुढे, मधोमध. रस्त्याकडेला उभं राहून बघणाऱ्याचा उजवा हात धरायचा नाही, इथंच घोळ होतो. शिबिरात आम्ही अंगणात चालून बघितलं तर तीनदा चुकलो. म्हणून ठरवलं आहे, की यापुढे आपल्या प्रत्येक मोर्चात तिरंगा पुढे मधोमध एका बाईच्या हातात राहील आणि संघटनेचे झेंडे मागच्या ओळीत. डावं-उजवं करायची गरजच नको.

ध्वजारोहणाला नियम जास्त कडक आहे. जिथे तिरंगा उभा केला तिथे त्याच्यापेक्षा उंच, किंवा त्याच्या शेजारी बरोबरीने, दुसरा झेंडा लावत नाहीत. आपला झेंडा लांब, मांडवाच्या तोंडाशी लावू आणि त्याची काठी कमी उंचीची घेऊ. देवाच्या निशाणाचंही तसंच. दुसऱ्या देशांचे झेंडे सोबत असतील तर ओळ कशी करायची तेही पुस्तकात आहे, पण ते दिल्लीवाल्यांच्या कामाचं. सभेत भाषण करणाऱ्याजवळ काठीवर लावायचा असेल तर लोकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला. टेबलावर अंथरायचा नाही. (आम्ही कान धरले.)

होळीचा बांबू आपण सजवतो तशी झेंड्याची काठी सजवायची हौस पोरांना असते. काठीच्या टोकाला मोरपीस, आंब्याचा डहाळा, फुलांचा हार काही बांधू नका. फडकवायच्या आधी गुंडाळलेल्या झेंड्यात फुलं ठेवलेली चालतात. केशरी पट्टा वर आहे ना, हे दोर ओढायच्या आधी दोघांनी बघा. पांढऱ्या पट्ट्यावर घोषणा लिहायची नाही, जमिनीची घोषणा कितीही खरी असली तरी. त्यासाठी फलक आहेत. झेंडा चढवताना झपकन, उतरवताना हळू. जमिनीला लागू द्यायचा नाही.

आणि उतरवायचा म्हणजे उतरवायचाच! एका पाड्यावर गेल्या १५ ऑगस्टचा झेंडा पोळ्यापर्यंत पावसात भिजत राहिला. पाऊस आला म्हणून काढायची गरज नाही, पण २०२२ पर्यंत उघड्यावरचा झेंडा सूर्य मावळायच्या आत उतरवून घडी करून ठेवायचा नियम होता. विरलेला, फाटलेला झेंडा पुन्हा चढवू नका, त्याचं फडकंही करू नका. चार माणसांनी बाजूला नेऊन मान राखून अखंड जाळायचा. पोरांच्या हातातले कागदी झेंडे संध्याकाळी वेचून घ्यायचे. प्लास्टिकचे आणूच नका.

हे सगळं शिबिरात वाचून झालं तेव्हा एक म्हातारे कारभारी दादा उठून म्हणाले, "मग आपला झेंडा खालचा झाला का रे? त्याच्या पाठी आमच्या पाठी फुटल्या." आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. या झेंड्याच्या मागे चालून तुरुंगात गेलेली माणसं त्या मांडवात बसली होती. त्यांना पुस्तकातला नियम वाचून दाखवणं सोपं नाही.

मग जयपालसिंग मुंडा यांची गोष्ट निघाली. छोटा नागपूरचे मुंडा आदिवासी. १९२८ साली ॲमस्टरडॅमला हॉकीचं सुवर्णपदक मिळालं त्या टीमचे कप्तान, आणि पुढे घटना समितीत आदिवासींसाठी बोलणारे. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने तिरंगा मंजूर केला. त्या दिवशी ते बोलायला उठले. झेंडा उभारणं ही काही सुधारलेल्या म्हणवणाऱ्यांची मिरास नाही, आदिवासी सगळ्यांच्या आधीपासून झेंडे उभारत आणि त्यांच्यासाठी लढत आले आहेत, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. छोटा नागपूरच्या जत्रेत प्रत्येक गावाचा आपला झेंडा असतो. त्याची नक्कल दुसऱ्याने करायची नाही. प्रत्येक जमातीची जत्रेत शिरायची वाट ठरलेली असते, तिने दुसऱ्याने शिरायचं नाही. आणि यापुढे आपले दोन झेंडे असतील, एक हजारो वर्षांपासूनचा आणि दुसरा हा स्वातंत्र्याचा, असं म्हणून त्यांनी तिरंगा आपला मानला.

आपल्याही जत्रेत कोणाचं निशाण आधी आणि कोणाचं मागून हे ठरलेलं असतं. मागून येणारा देव त्याने लहान होत नाही, आणि वाट मोडली तर भांडण होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. दादा त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सरावाच्या झेंड्याला बांबू पाहिजे होता, तो स्वतःच्या घरामागच्या बेटातून तेच तोडून घेऊन आले.

आता एक गोष्ट जरा रागाने लिहितो. २००२ च्या मे महिन्यात केंद्राच्या वनमंत्रालयाने अतिक्रमणं काढायचं पत्र धाडलं, तेव्हापासून कोणीतरी उठवून दिलंय की प्लॉटवर तिरंगा रोवला की गार्ड हात लावत नाहीत. काही जणांनी रोवलेपण. असं करू नका. तिरंगा म्हणजे पट्टा नाही आणि बुजगावणंही नाही. शेतात एकटा सोडलेला झेंडा रात्रंदिवस तसाच राहतो, वाऱ्याने पडतो, चिखलात जातो. झटापटीत फाटला तर केस आपल्यावर आणि जमिनीचा विषय परत बाजूला. पेरणीआधी तेच झालं ना? प्लॉट कसत आल्याचं सांगतात त्या दंडाच्या जुन्या पावत्या, पंचनामे, शेजाऱ्यांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब. पावत्या छपरात खोचून ठेवल्या असतील तर पावसात सडायच्या आत काढा.

आता १५ ऑगस्ट येतो. आपल्या कितीतरी वनगावांत शाळा नाही, पंचायतीची कचेरी नाही, म्हणून तिथे आजवर कोणी झेंडा चढवायला आलं नाही. यंदा आपणच चढवू. कोणाच्या हातून, यावर बैठकीत बरीच ओढाताण झाली. काही साथींचं म्हणणं होतं सरपंचांना बोलवावं. आमचं मत, पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातून चढवावा. सरपंच आले तर त्यांनी समोर उभं राहून सलामी द्यावी. शेवटी ज्या त्या पाड्याने ठरवायचं.

झेंडा खादीचा घ्या. तालुक्याला खादी भांडारात मिळतो. लांबी तीन हात तर रुंदी दोन हात, हे माप सोडून कापलेला घेऊ नका. पैसे वर्गणीतून, हिशेब पाड्याच्या वहीत. बांबू घरच्या बेटातला घ्या. जंगलातला तोडलात तर ध्वजारोहणाच्या आधी त्याचाच पंचनामा होईल. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी एकदा रिकामी दोरी ओढून सराव करायचा, आणि १५ ऑगस्टला संध्याकाळी झेंडा उतरवायला कोण थांबणार त्या दोघांची नावं तेव्हाच वहीत लिहायची. सकाळी झेंडा चढल्यावर कोणी उठायचं नाही. तिथेच बसून मोर्चात राहिलेले जमिनीचे कागद पाड्यावार गोळा करायचे आहेत. प्रत्येक घराने पावत्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणाव्यात.