आग विझते, चौकशी थंडावते. गोरेगावच्या आगीनं गावाकडच्या घरांना काय शिकवलं?

मुंबईत एखाद्या इमारतीला आग लागली की फोन गावात वाजायला लागतात. "तुमचा पोरगा तिकडंच राहतो ना?" जिल्ह्यातल्या बहुतेक गावांतलं कुणी ना कुणी मुंबई, ठाणे, पुणे नाहीतर नाशिकला भाड्याच्या खोलीत राहतं. पोराचा आवाज कानावर पडला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथंच संपतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला पाहिजे.

६ ऑक्टोबर २०२३ ची पहाट आठवून बघा. मुंबईच्या गोरेगाव पश्चिमेला जय भवानी नावाच्या इमारतीला पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत म्हणजे एसआरएमध्ये बांधलेली ही इमारत. लोक गाढ झोपेत होते. त्या दिवशी ७ जणांचा जीव गेला आणि जखमींचा आकडा ५० च्या आसपास पोचला. आग वरच्या कुठल्या घरात लागली नव्हती. ती लागली तळाला, जिथं दुचाक्या आणि चारचाक्या उभ्या होत्या आणि शेजारी जुन्या कपड्यांचे गठ्ठे रचून ठेवले होते.

जाळानं नाही, धुरानं घात केला

ज्यानं कडब्याची गंजी पेटलेली बघितली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. जाळ दिसतो, त्यामुळे माणूस त्याच्यापासून लांब पळतो. धुराचं तसं नाही. तो गुपचूप वर चढतो. इमारतीचा जिना म्हणजे आयतं धुराडंच. तळाला टायर, पेट्रोल, प्लास्टिक आणि कपडे पेटले की काळा धूर जिन्यातून आणि लिफ्टच्या पोकळीतून थेट वरच्या मजल्यावर जातो. ज्या जिन्यानं उतरून पळायचं, तोच आधी बंद होतो. झोपेतून उठलेला माणूस दार उघडतो आणि चार श्वासांत कोसळतो. अशा आगींत भाजून मरणाऱ्यांपेक्षा गुदमरून मरणारे जास्त असतात.

हाच प्रकार पुढच्या वर्षी परदेशात झाला. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. दीडशेहून जास्त कामगार तिथं राहत होते. ४५ भारतीय गेले. त्यात केरळचे सर्वाधिक होते, महाराष्ट्रातलाही एक होता. हवाई दलाच्या विमानानं मृतदेह कोचीला आणावे लागले. तिथल्या अग्निशमन दलाच्या तपासात आगीचं मूळ तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत, विजेच्या शॉर्टसर्किटमध्ये निघालं. खोल्यांच्या मधे आडोशाला लवकर पेटणारं सामान वापरलं होतं. गच्चीचं दार बंद असल्यामुळे वर पळालेल्यांनाही बाहेर पडता आलं नाही, असं तेव्हा समोर आलं.

गोरेगाव आणि मंगाफ यांच्यात समुद्र आहे, पण दोन्हीकडची गोष्ट एकच. आग तळाला, धूर जिन्यात, माणसं झोपेत. आणि राहणारा वर्गही एकच, पोटासाठी घर सोडलेला.

मदत जाहीर होते, पुढं काय?

गोरेगावनंतर राज्य सरकारनं मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले, जखमींचा उपचार सरकारी खर्चानं होईल असं सांगितलं. पंतप्रधान मदत निधीतून मृतांच्या वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार जाहीर झाले. चौकशी समिती नेमली गेली. अशा इमारतींचं फायर ऑडिट करा, असे आदेश निघाले. मदत मिळाली पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण मदत हा आगीचा शेवट नव्हे.

आदेशाचं काय होतं याचं उदाहरण राज्यातच आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं आगीत गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश सुटले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. दोन्ही घटनांत दहा महिन्यांचंही अंतर नाही. २२ जानेवारी २०२२ ला मुंबईत ताडदेवच्या वीस मजली इमारतीत आग लागली, तिथं पहिल्याच दिवशी ६ जण गेले. त्यानंतर गोरेगाव. म्हणजे ऑडिट हा शब्द सगळ्यांना पाठ झाला, पण ऑडिटमध्ये निघालेली कामं कुणी आणि कधी करायची, हे कुणाच्या अंगावर पडत नाही.

इंग्लंडमधला दाखला बघण्यासारखा आहे. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरचा फ्रिज पेटला आणि इमारतीला बाहेरून लावलेल्या पत्र्यांनी आग वरपर्यंत नेली. ७२ माणसं गेली. तिथल्या रहिवाशांनी आधीच धोक्याच्या तक्रारी केल्या होत्या, त्या कुणी मनावर घेतल्या नाहीत. पण पुढं जी चौकशी झाली तिचा पहिला अहवाल २०१९ ला आणि शेवटचा सप्टेंबर २०२४ ला सगळ्यांसाठी खुला झाला. कोणत्या कंपनीनं काय लपवलं, कोणत्या खात्यानं कुठं डोळेझाक केली, हे नावानिशी लिहिलं गेलं. सात वर्षं लागली, हा उशीरच. तरी कागद लोकांच्या हातात आला. आपल्याकडं समिती नेमल्याची बातमी पहिल्या पानावर येते, अहवाल मात्र साध्या माणसाच्या हाताला सहसा लागत नाही.

जबाबदारी नेमकी कुणाची?

राज्यात यासाठी कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा तिथं राहणाऱ्याची, म्हणजे बऱ्याच ठिकाणी सोसायटीचीच. ज्या इमारतींना हे लागू आहे त्यांनी परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. न केल्यास नोटीस, वीज-पाणी तोडणं, दंड आणि तुरुंगवास अशीही तरतूद आहे.

मग अडतं कुठं? पैशात. बिल्डर इमारत उभी करतो, पाइप आणि पंप बसवतो, दाखला घेतो आणि निघून जातो. त्यानंतर पंप, टाकी, लिफ्ट यांचा खर्च तिथल्या कुटुंबांवर येतो. पुनर्वसनाच्या इमारतीत राहणारा माणूस हातावर पोट असलेला. मेंटेनन्सची वर्गणी थकते. आधी पाण्याची मोटार दुरुस्त होते, मग लिफ्ट, आगीच्या पंपाचा नंबर येतच नाही. आग रोज लागत नाही, पाणी मात्र रोज लागतं. ज्याचा धंदाच जुन्या कपड्यांचा आहे त्याला गोदाम परवडत नाही, म्हणून माल पार्किंगमध्ये येतो. यात राहणाऱ्यांची चूक आहेच, पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलून महापालिका आणि एसआरए यांना मोकळं होता येणार नाही. दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र आलं नाही हे कार्यालयाला फाइल उघडली तरी कळतं. त्याला आग लागायची वाट बघावी लागत नाही.

हे मुंबईचं दुखणं राहिलं नाही

गावाकडच्या माणसाला वाटतं, आपलं घर बैठं, आपल्याला काय. पण तालुक्याच्या गावात गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय झालं ते डोळ्यासमोर आहे. बसस्टँडच्या मागं, बाजार समितीच्या रस्त्याला चार-पाच मजली अपार्टमेंट उभी राहिली. खाली दुकानं, वर फ्लॅट. पोरांच्या शाळा-कॉलेजसाठी खेड्यातल्या लोकांनी तिथं फ्लॅट घेतले नाहीतर खोल्या भाड्यानं घेतल्या. कुठं वरच्या मजल्यावर अभ्यासिका, कुठं मुलींचं वसतिगृह, कुठं दवाखाना.

अशा किती इमारतींत जिन्याखालीच मीटरची पेटी आहे, तिच्याच पुढं दुचाक्या लावलेल्या आहेत आणि बाजूला दुकानदाराची रिकामी खोकी पडलेली आहेत, हे कुणीही जाऊन बघावं. आता त्यात रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या गाड्यांची भर पडली. गच्चीला कुलूप, चावी कुणाकडं ते माहीत नाही. खिडक्यांना चोराच्या भीतीनं पक्क्या जाळ्या. चोर आत येत नाही हे खरं, पण वेळ आली तर माणूसही बाहेर पडत नाही.

किती उंचीच्या इमारतीला कोणती यंत्रणा लागते ते नियमात ठरलेलं आहे. कमी मजल्यांच्या इमारतींना उंच टॉवरइतकी बंधनं नसतात. पण धूर मजले मोजून चढत नाही. आणि मुंबईत अग्निशमन केंद्र जवळ असतं, खेड्यात बंब नगरपालिकेच्या गावाहून यावा लागतो. मधे बाजाराची गर्दी, अरुंद बोळ, रस्त्यावर आलेले ओटे. तो येईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं राहणाऱ्यांनाच काढायची असतात.

कागद नसलेला भाडेकरू

आगीनंतर आणखी एक गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे कागद. चार पोरं मिळून एका खोलीत राहतात, करार एकाच्या नावावर किंवा कुणाच्याच नावावर नाही. अशा वेळी त्या रात्री खोलीत कोण होतं हे सांगायलाही कुणी नसतं. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. मालक टाळतो, भाडेकरू विचारत नाही.

घरचा माणूस गेल्यावर कशाचीच भरपाई होत नाही. तरीही मागं राहिलेल्यांचं पोट असतंच. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणाऱ्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे, तिच्यातही मृत्यूला २ लाख मिळतात. तिच्या अटी आणि मुदत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधीच विचारून ठेवाव्यात. दुखवट्यात मुदत निघून जाते आणि पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला यातलं एखादं कमी पडलं की प्रस्ताव परत येतो.

फोनवर एवढं विचारा

पुढच्या वेळी शहरातल्या पोराशी बोलताना जेवलास का, एवढंच विचारून फोन ठेवू नये. इमारतीचा जिना रिकामा आहे का? मीटरच्या पेटीजवळ गाड्या, गठ्ठे, खोकी आहेत का? गच्चीची चावी कुणाकडं आहे? खिडकीच्या जाळीला आतून उघडणारं दार आहे का? एवढं विचारावं.

आणि हेही सांगून ठेवावं. जिन्यात धूर भरला असेल तर त्यातून खाली पळू नये, लिफ्ट तर अजिबात वापरू नये. दार लावून घ्यावं, फटीला ओलं फडकं लावावं, खिडकीत उभं राहून आवाज द्यावा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. धूर असेल तिथं वाकून, जमिनीलगत चालावं, कारण चांगली हवा खालीच असते.

तालुक्याच्या गावात ज्यांची पोरं वसतिगृहात किंवा अपार्टमेंटमध्ये आहेत त्यांनी नगरपालिकेत नाहीतर नगरपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दोनच प्रश्न पुरतात. या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि आगीच्या यंत्रणेचं शेवटचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेचं आहे? उत्तर आलं तर कळेल, आणि नाही आलं तरी कळेल.

गोरेगावच्या त्या इमारतीत तळाचे गठ्ठे रोज येता-जाता सगळ्यांनी बघितले असतील. कुणाला ते उचलायला सांगावंसं वाटलंही असेल. शेजाऱ्याशी वाईटपणा कशाला घ्यायचा, म्हणून राहून गेलं असेल. गावाकडच्या अपार्टमेंटमध्येही आज हाच विचार चालू आहे. शेजाऱ्याशी आलेला वाईटपणा चार दिवसांत निवळतो. जिना मात्र आजच मोकळा करायला पाहिजे.