पहाट आहे, भैरव कुठे?

दिवाळी तोंडावर आली की नाक्यानाक्यावर फलक चढतात: ‘दिवाळी पहाट’. वर पुढाऱ्यांची छायाचित्रे, खाली सराफांची नावे, मधल्या सांदीत गाणाऱ्याचे नाव. कोणता राग, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, यातले अवाक्षर नाही. नाटकाचे नाव गाळून पडदा ओढणाऱ्याचे छापावे, तसा हा प्रकार!

मग प्रत्यक्ष पहाट उजाडते. अंगाला उटण्याचा वास, मांडीवर पेंगणारी पोरे, आणि व्यासपीठावर वीस मिनिटे सत्कार. त्यानंतर निवेदकाच्या कोट्या, सिनेमाची गाणी, भावगीते, तोंडी लावण्यापुरता एखादा अभंग. ही मंडळी वाईट गातात असे मी म्हणत नाही. भावगीतावर माझा रागही नाही; ते दुपारी चारलाही तितकेच गोड लागते. भैरव, रामकली, ललत यांचे तसे नाही. आपल्या संगीताने त्यांना पहाट नेमून दिली आहे, आणि ती वर्षातून एकदा आयती हाती येते तेव्हा आपण ती उधळून टाकतो. माझे भांडण आहे ते एवढ्यासाठी.

रात्र तर आपण कधीच गमावली. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. पुढे कित्येक वर्षे तो रात्र-रात्र चाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी झाली, आणि मालकंस, दरबारी दिव्याच्या वेळी आटपू लागले. नियम योग्यच आहे; आजाऱ्याला झोप हवी. पण बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे, हे किती संयोजकांनी वाचले आहे? आणि सकाळी सहानंतर तर कायदाही आड येत नाही. आड येतो तो आपला आळस.

ललत एकदा वेळेवर ऐकून पाहा. त्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तारसुद्धा मध्यमात मिळवावी लागते. शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम त्यात एकमेकांना खेटून येतात. कागदावर ही अडचण वाटते. पण बाहेर धड अंधार नाही, धड उजेड नाही, अशा वेळी ती जोडी कानावर पडली की समजावून सांगायला शाळामास्तर लागत नाही.

‘लोकांना हेच हवे असते,’ हे उत्तर ठरलेले. माझ्या वर्गात मुलांना गणित नको असते, म्हणून मी तासाला भेंड्या घेत नाही. पलुसकरांनी लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले, ते काय लोकांचा कौल घेऊन? लोकांच्या नावावर आपली अरसिकता खपवू नये.

आणि गाणारे आणायचे कुठून, हा प्रश्न तर हास्यास्पदच! तालुक्याच्या गावीसुद्धा दहा-बारा वर्षे गुरूकडे घासलेली एखादी बाई असते. दिवसभर बँकेत खिडकीवर बसते, आणि पहाटे उठून षड्ज लावते. तिला तोलामोलाची साथ करणारा तबलजी दोन गल्ल्या पलीकडे असतो. यांना आपण वर्षभर विचारत नाही. बाहेरगावच्या नामांकिताला बिदागी, मोटार, उतरायला खोली. आणि गावच्या पेटीवाल्याची बोळवण नारळावर. पुढच्या पिढीत तो पेटीवाला नसेल, तेव्हा सत्कार कुणाचे करायचे?

आमच्या गावच्या एका मंडळाला मी यंदा लेखी सुचवले: सहा ते सव्वासात, एकच राग, गायिका गावची, साथ गावची, सत्कार शेवटी, आणि फलकावर रागाचे नाव ठसठशीत. कार्यवाह भले गृहस्थ आहेत. त्यांनी पत्र दोनदा वाचले.

“मास्तर, कल्पना उत्तम,” ते म्हणाले, “पण मग निवेदकाने बोलायचे कधी?”