काटकसर कोणाच्या ताटातून?

नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या कुठल्याही पाड्यावर जा, पैशांची ओढाताण झाली की काटकसर कुठून सुरू होते ते पाहा. ती चुलीपासून सुरू होते. भाजीत तेल कमी पडतं, डाळ पातळ होते, दूध बंद होतं. घरधनी जेवून उठला, पोरांची पोटं भरली की टोपलीत उरलेली अर्धी भाकर आणि खुरासणीची चटणी बाईच्या वाट्याला येते. त्याच घरात लग्न निघालं की हळदीच्या रात्रीचा डीजे किती हजारांचा, हे मात्र पुरुष बाहेर बसून ठरवतात. त्या बैठकीत तिला कोणी विचारत नाही. माझा आरोप सरळ आहे. ज्याला आपण बचत म्हणतो ती बायकोच्या पोटातून आणि झोपेतून काढलेली असते, आणि काढलेलं सगळं आपण चारचौघांत मिरवण्यावर उधळतो.

नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, एका भाकरीमागे काय असतं, हे ती खाणाऱ्यानं एकदा नीट आठवावं. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून राब भाजायचा. पाऊस पडला की त्यात बी टाकायचं. मग भर पावसात, चिखलात, कमरेत वाकून उतारावर आवणी करायची. दिवाळीच्या पुढेमागे कापणी, मग खळं, झोडपणी, पाखडणी, दळण. एवढं झालं तरी पीठच हाती येतं. ते रांधायला सरपण लागतं आणि पाणी लागतं. पेठमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तरीही उन्हाळ्यात हंडे घेऊन विहिरीवर ताटकळतात त्या बायकाच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅसची शेगडी घरात आली. पण सिलिंडर पुन्हा भरून आणायला पैसे काढायची वेळ आली की मोळी असताना गॅस कशाला, असं म्हणणारा पुरुषच असतो. डोंगरातून मोळी त्याच्या डोक्यावर येत नाही, म्हणून ती त्याला फुकट वाटते.

सरकार नागलीचा हमीभाव ठरवतं. २०२५-२६ साठी तो क्विंटलला ४,८८६ रुपये होता. तो काढताना शेतात राबणाऱ्या घरच्या माणसांची मजुरी निदान खर्चात धरतात. चुलीपाशी मात्र कुठलाच हिशेब पोचत नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि जे पुरुष हात लावत होते ते ९७. त्यातही घरकामाला अजिबात हात न लावणारे पुरुष या ९७ मध्ये मोजलेलेच नाहीत, आणि असे पुरुष चारातले जवळजवळ तीन होते. जी रोज पाच तास राबते ती घरी बसून असते, असं आपण जनगणनेला आलेल्या माणसालाही सांगतो.

आणि एवढ्या कष्टानं पिकवलेल्या नागलीची आपल्याला लाज वाटते. पाहुणा आला की भात आणि पुऱ्या, नागलीची भाकर मात्र झाकून ठेवायची. तांदळाच्या तीस पटींहून जास्त कॅल्शियम या दाण्यात आहे. २०२३ हे साल जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, आणि शहरातली माणसं नागलीची बिस्किटं दाम मोजून घेऊ लागली. इकडे आपण नागली बाजारात घालतो आणि त्याच पैशातून पोरांच्या हातात पाच रुपयांची तिखट कुरकुरीत पाकिटं देतो. पावसाळ्यात रानात शेवळं, करटुली, कुर्डू, बांबूचे वास्ते उगवतात. ते ओळखणारी, खुडणारी, चव राखून शिजवणारी बाई अडाणी ठरते आणि पाकीट आणणारा बाप हौशी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. ज्या बाईनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, तिच्या अंगात रक्त येणार कुठून?

आता लग्नाकडे वळतो, कारण संसाराच्या उधळपट्टीची सुरुवात तिथेच होते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, जव्हार, मोखाडा या सगळ्या पट्ट्यात लग्नाच्या जेवणाचा खर्च झेपत नाही म्हणून विधीशिवाय एकत्र राहणारी जोडपी पिढ्यानपिढ्या आहेत. पुढे पोरांच्या लग्नाच्या मांडवात आईबापांनाही हळद लागते. शहरातली माणसं हे ऐकून नाकं मुरडतात. मला यात त्या जोडप्यांची काडीचीही लाज वाटत नाही. एकमेकांच्या शब्दावर त्यांनी वीस-वीस वर्षं संसार केले, लेकरं वाढवली. लाज वाटायची तर त्या समाजाची वाटावी, जो गावजेवण घातल्याशिवाय त्यांना नवराबायको मानायला तयार नाही.

लग्नाच्या कर्जानं या डोंगरांत काय केलं, याची साक्ष जुनी आहे. शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलणारा वारली त्याच्या घरी वेठीला बांधला जाई, आणि त्याची बायकोही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकर १९४५ साली वारल्यांमध्ये उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी मोडून काढलेल्या गुलामीत ही एक होती. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्यांनी ती लिहून ठेवली आहे. १९७६ मध्ये कायद्यानं वेठबिगारी संपली. पण पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, ती लग्नात घालवायची आणि दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत किंवा गुजरातेत जोडीनं राबून फेडायची, हे अजून चालू आहे. राबतात दोघं, हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या हातात पडतो. त्यातून गुटखा येतो. २०१२ पासून राज्यात त्याला बंदी आहे, तरी मिळतो. मोबाइलचा हप्ता जातो. तिच्या वाट्याला येते ती परतीच्या गाडीतली अर्धी जागा आणि डोक्यावरचं गाठोडं.

आणि ही उधळपट्टी आपली मूळची नाही, याचं मला अधिक दुःख आहे. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते, म्हणजे एक बाईच लावते. आपल्याकडे हुंडा नव्हता, देज होतं, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या आईबापांना द्यायचं. मुलीच्या जाण्यानं तिच्या आईबापांचे दोन राबते हात कमी होतात, हे मुलाकडच्यांनी मान्य करायचं. देज दिलं म्हणजे बाई विकत घेतली, असं जो नवरा समजतो त्यानं चालीचा अर्थ नासवला आहे, आणि असे नवरे कमी नाहीत. पण त्या चालीत बाईच्या कष्टाची निदान कबुली होती. आता नाशिकच्या लॉन्सवर जे दिसतं ते वर्षा-दोन वर्षांत पाड्यावर पोचतं. डीजे, हारांचे ढीग, फोटोवाले, कमान. नाशिकच्या सुशिक्षितांनो, तुमच्या मुलीच्या लग्नातली रोषणाई बघून मुकादमाची उचल घेणाऱ्या बापाच्या कर्जात तुमचा वाटा आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं भटाविना पहिलं लग्न लावलं आणि खर्च पानसुपारीपुरता ठेवला. दीडशे वर्षं झाली. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या घरांतही आज लाखांचे मांडव पडतात.

२०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बाईच्या खात्यात येऊ लागले, तेव्हा कित्येक घरांत पहिला प्रश्न निघाला तो नवऱ्याकडून: पैसे काढून आणलेस का? आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर काही जमा झालं, तर त्याचाही हिशेब तिनंच द्यायचा. तिच्या नवऱ्याच्या मजुरीचा हिशेब तिनं कधी मागितला तर ती तोंडाळ.

पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला सावकारीवर ताबा ठेवण्याचा आणि दारू बंद करण्याचा अधिकार दिला. रस्ता, घरकुल, पाण्याची टाकी यांच्यासाठी आपण तिथे हात वर करतो. आता बायकांनी ग्रामसभेत तीन विषय लिहून द्यावेत. गावात हळदीला डीजे नाही. लग्नाचं जेवण एकच, तेही नागलीच्या भाकरीचं आणि उडदाच्या आमटीचं, आणि त्या दिवशी वाढायला पुरुष. मुकादमाची उचल नवराबायको दोघांच्या सहीशिवाय नाही, आणि हंगामाचा हिशेब दोघांच्या समोर. ठराव मांडताना कोणी हसला तर त्याचं नाव इतिवृत्तात घ्या.